निर्णयाचे लेखन आणि परिणामांविषयीचे मौन : अँजेलिना जोली यांचे दोन लेख

प्रस्तावना :
अँजेलिना जोली यांनी 'द न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये मे २०१३ व मार्च २०१५ मध्ये लिहिलेले दोन लेख आजारपणाच्या आत्मपर लेखनात महत्त्वाचे ठरतात. बीआरसीए-१ जनुकातील दोषामुळे त्यांना कर्करोगाचा मोठा धोका होता. त्यांच्या आईचे २००७ मध्ये वयाच्या ५६ व्या वर्षी कर्करोगानेच निधन झाले होते. पहिला लेख स्तनांच्या, तर दुसरा अंडाशये व बीजवाहिन्यांच्या प्रतिबंधक शस्त्रक्रियेविषयी आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या शरीराला, विशेषतः वजनातील बदलाला, या लेखनात कोणते स्थान आहे, याचा विचार येथे केला आहे.

विवेचन :
पहिल्या लेखात शरीर तपशिलाने येते. फेब्रुवारी ते एप्रिल या काळातील उपचारांचे टप्पे, शरीराला जोडलेल्या नळ्या, स्तनांची पुनर्रचना यांचे वर्णन करून रूप टिकल्याचा दिलासाही लेखिका देते. दुसऱ्या लेखात वयाच्या ३९ व्या वर्षी रजोनिवृत्ती आल्याचे त्या निःसंकोचपणे सांगतात; मात्र पुढील शारीरिक बदलांचा उल्लेख ओझरताच होतो.

त्या ओझरत्या उल्लेखात पुष्कळ काही दडले आहे. नैसर्गिक रजोनिवृत्ती काही वर्षांत घडते. शस्त्रक्रियेनंतर मात्र इस्ट्रोजेनची पातळी काही दिवसांतच घसरते. चरबी पोटाभोवती साठू लागते, स्नायूंचे प्रमाण घटते, झोप मोडते. अमेरिकेतील 'स्वान' या दीर्घकालीन अभ्यासात, गर्भाशयासह दोन्ही अंडाशये काढलेल्या स्त्रियांचा बॉडी मास इंडेक्स नैसर्गिक रजोनिवृत्ती आलेल्या स्त्रियांपेक्षा अधिक वेगाने वाढल्याचे आढळले. त्या स्त्रियांची निवड जनुकीय धोक्यावरून झालेली नव्हती. त्यामुळे हा निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावता येत नाही. तथापि बीआरसीए-१ दोष असलेल्या स्त्रियांना ही शस्त्रक्रिया साधारणतः ३५ ते ४० या वयातच सुचविली जाते, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

दुसरा लेख शस्त्रक्रियेनंतर लगेचच लिहिला गेला, त्यामुळे पुढचे बदल त्यात येणार कसे, असा आक्षेप घेता येईल. तो रास्त आहे. म्हणूनच ही मर्यादा लेखिकेच्या प्रामाणिकपणाची नसून लेखनप्रकाराची आहे. वृत्तपत्रीय लेख निर्णयाच्या क्षणी संपतो. शरीराची कथा तेथून सुरू होते. ऑड्री लॉर्ड यांची शस्त्रक्रिया वेगळी, स्तनाची होती. परंतु 'द कॅन्सर जर्नल्स' (१९८०) मध्ये त्या नंतरचे महिने नोंदवितात. कृत्रिम स्तन नाकारून, तो नेमका कोणाच्या सोयीसाठी, असा प्रश्नही त्या उपस्थित करतात.

हा भेद केवळ वाङ्मयीन नाही. जोली यांच्या पहिल्या लेखानंतर, जून-जुलै २०१३ मध्ये, ब्रिटनमधील कौटुंबिक कर्करोग केंद्रांकडे येणाऱ्या स्त्रियांची संख्या आदल्या वर्षाच्या सुमारे अडीच पट झाली. असे लेखन वाचून जी स्त्री निर्णय घेते, तिला वाढत्या वजनाची पूर्वकल्पना नसेल, तर ती स्वतःच्या जिभेला व आळसाला दोष देते. शरीरधर्माचा परिणाम अशा रीतीने चारित्र्याचा दोष ठरतो.

निष्कर्ष :
या शस्त्रक्रियेने अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटतो आणि या रोगाचे लवकर निदान करणारी खात्रीची चाचणी उपलब्ध नाही. त्यामुळे वजनवाढ हे शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण ठरत नाही; ते आधी सांगण्याचे कारण ठरते. जोली यांच्या लेखांनी निर्णयाला भाषा दिली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परिणामांना भाषा देणारे लेखन मात्र त्या निर्णयानंतर अनेक वर्षे जगलेल्या स्त्रियांकडूनच यावे लागेल.