अश्वशिक्षणावरील एक जुना ग्रंथ

झेनोफोन हा ग्रीक ग्रंथकार आपल्याकडे सॉक्रेटिसाचा शिष्य व इतिहासकार म्हणून परिचित आहे. घोड्याची पारख, निगा व शिक्षण यांवर त्याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहिलेला लहानसा ग्रंथ मात्र थोड्यांनीच वाचला असेल. लढाऊ स्वारांसाठी लिहिलेले पुस्तक आज हिंगोलीत वाचून काय उपयोग, असे कोणी म्हणेल. तेथील छावणीत हैदराबाद कंटिंजंटचे घोडदळ असे. ते १९०३ साली इंग्रजी फौजेत सामावले गेले. आता घोडा दिसतो तो वरातीत, नाही तर धनगराचा संसार वाहणारे तट्टू म्हणून. परंतु याच दोन घोड्यांनी आम्हांस या ग्रंथाकडे वळविले.

रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, हे ग्रंथकाराचे पहिले सूत्र होय. बुजलेल्या घोड्यास फटके मारले, तर वेदना त्या वस्तूमुळेच झाली असे तो समजतो व त्याची भीती दुणावते. सबब ती वस्तू आपण स्वतः हाताळून दाखवावी व त्यास हळूहळू जवळ न्यावे. शिंगराची भूक-तहान माणसाच्याच हातून भागावी आणि त्यास गर्दीची व गोंगाटाची सवय शांतपणे लावावी. घोड्याने सांगितलेले केले की लगाम तत्काळ सैल सोडावा, कारण सुटका हेच त्याचे बक्षीस. आणि बळाने करविलेल्या हालचालीत सौंदर्य नसते. चाबूक मारून नर्तकाकडून नृत्य घडते काय?

इतका विवेकी लेखक एका जागी मात्र घसरतो. घोड्यासाठी दोन लगाम असावेत, एक गुळगुळीत व एक काटेरी, असे तो सुचवितो. काटेरीचा जाच सोसलेला घोडा गुळगुळीत लगाम आनंदाने घेतो, हे त्याचे समर्थन. भीती दाखवून मिळविलेल्या या आनंदास शिक्षण म्हणावे काय? त्याच्याच नर्तकाच्या दृष्टांताने त्याचे हे मत खोडले जाते. आपल्याकडे तर १९६५ च्या नियमांनी काटेरी लगामास मनाईच केली आहे.

हा दोष आम्ही मुद्दाम दाखविला. कारण शांत जनावराच्या बाबतीत तो अधिक घातक ठरतो. तापट घोडा लाथ मारून आपले दुःख सांगतो. पाठीवर कोकरे व भांडीकुंडी घेऊन मुकाट चालणारे तट्टू, किंवा बँडच्या गजरात खाली मान घालून उभा असलेला वरातीचा घोडा, ते सांगत नाही. अशा जनावरास आपण ‘गरीब’ म्हणतो आणि त्या एका शब्दावर पाठीचे व्रण, फाटलेले जबडे, अपुरे पाणी हे सारे खपवितो. वस्तुतः गरिबी हा घोड्याचा गुण आहे, धन्यास मिळालेली मोकळीक नव्हे.

एवढी एक दुरुस्ती करून हा ग्रंथ घोडेवाल्यांनी वाचावा. आणि वरातीसाठी घोडा ठरविणाऱ्या आमच्या सुशिक्षित वाचकांनी तर आधी वाचावा. घोडा किती नाचतो हे विचारण्यापूर्वी त्याच्या तोंडात काय घातले आहे, हे त्यांनी एकदा पाहावे.