फूल केव्हा टाकावे?

कृती शिकविणाऱ्या ग्रंथांकडे आपले समीक्षक सहसा वळत नाहीत. कथा-कादंबऱ्यांवर पानेच्या पाने लिहिली जातात. परंतु कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली वाटी आणि चमचा यांस प्रमाण मानून मराठी स्वयंपाकघराला जी शिस्त लावली, तिची गद्य म्हणून चिकित्सा कितीशी झाली? वस्तुतः नवख्याला एखादी गोष्ट केवळ शब्दांनी शिकविणे ही गद्याची मोठी परीक्षा होय. लेखक समोर नाही, वाचकाचा हात धरता येत नाही, आणि तिकडे चुलीवर भांडे उकळत आहे. या कसोटीला आम्ही येथे एक परदेशी ग्रंथ लावणार आहोत: जॉन पामर या अमेरिकन लेखकाचा 'हाउ टु ब्रू'. विषय घरी बिअर करण्याचा. आणि त्यातही आमचे लक्ष मुख्यतः एका प्रकरणावर आहे. ते प्रकरण हॉपच्या फुलांचे.

विषयाचे नाव वाचून आमच्या काही वाचकांच्या कपाळी आठ्या पडतील, हे आम्ही जाणतो. कोणी काय प्यावे हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही व इच्छाही नाही. आणि व्यवसायधर्म म्हणून इतके सांगणे अवश्य आहे की, ग्रंथ वाचणे हा गुन्हा नसला तरी त्यातील कृती करणे आपल्याकडे गुन्हा ठरू शकते. बडोद्याच्या वाचकाच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. तेथे दारूबंदीच आहे. गोव्यात दुकाने उघडी आहेत, पण म्हणून परवान्यावाचून मद्य तयार करता येते असे कोणी समजू नये. १९६४ चा अबकारी कायदा तेथे आहेच.

कायद्याचा हा उल्लेख केवळ सावधगिरीचा नाही. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला मोकळीक मिळाली, घरगुती बिअरला मिळाली नाही. ती मिळावयास १९७८ साल उजाडले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अध्यक्ष कार्टर यांनी विधेयकावर सही केली आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून घरटी वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर करण्याची मुभा झाली. इंग्लंडने परवान्याची अट १९६३ मध्येच काढली होती. जे ज्ञान उघडपणे छापता येत नाही, त्याची मापे कधी तपासली जात नाहीत. ऐकीव प्रमाणे या तोंडाची त्या तोंडी होतात. पामर यांच्या ग्रंथातील नेमकेपणाची हाव या पार्श्वभूमीवर पाहिली म्हणजे समजू शकते.

आता मूळ वस्तूकडे वळू. हॉप ही भांगेच्या कुळातील वेल. तिच्या मादी वेलीस शंकूच्या आकाराची हिरवी फुले येतात आणि त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट भुकटी असते. बिअरचा कडवटपणा व सुगंध ही दोन्ही त्या भुकटीत. आपल्याकडे हिमाचलातील लाहौल खोऱ्यात हिची लागवड झालेली आहे. युरोपात बाराव्या शतकातील हिल्डेगार्ड या विदुषी जोगिणीने हॉपच्या कडूपणामुळे पेय टिकते असे नोंदवून ठेवले, आणि १५१६ साली बव्हेरियाने तर जव, हॉप व पाणी यांखेरीज दुसरे काही घालण्यास कायद्याने मनाई केली. आयुर्वेदाच्या वाचकास येथे धायटीची फुले आठवतील. आसवारिष्टांत तीही घालतात. पण त्यांचे काम उलटे. धायटी आंबण्याच्या क्रियेला चालना देते, हॉप मात्र नको असलेल्या जंतूंना आवर घालते. (जाता जाता: संस्कृतात तिक्त म्हणजे कडू आणि कटु म्हणजे तिखट. मराठीने ही दोन नावे परस्परांत बदलून घेतली आहेत. तेव्हा जुने ग्रंथ वाचताना जपावे.)

शार्ङ्गधराने आसव आणि अरिष्ट यांत जो भेद केला आहे, तो पामर यांच्या प्रकरणाची किल्ली म्हणून आम्हांस उपयोगी पडला. औषध न शिजवता सिद्ध होते ते आसव. काढा करून होते ते अरिष्ट. हॉपचेही तसेच आहे. फुलातील कडू आम्ले पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. मोड आणून वाळविलेल्या जवाच्या गोड काढ्यात ती दीर्घकाळ उकळली म्हणजे त्यांची रचना पालटते आणि मगच ती द्रवात उतरतात. सुगंधी तेलांची गोष्ट नेमकी विरुद्ध. ती उकळीबरोबर वाफेने उडून जातात. म्हणून एकच फूल आरंभी टाकले तर अरिष्ट होते, कडू आणि बहुधा निर्गंध. आणि भांडे चुलीवरून उतरविल्यावर, किंवा आंबणे संपत आल्यावर टाकले तर आसव होते, सुगंधी आणि फारसे कडू नव्हे. तेव्हा नवख्याचा प्रश्न 'किती टाकू?' हा नसून 'केव्हा टाकू?' हा आहे.

हे मर्म पामर यांनी बरोबर ओळखले आहे, आणि येथे ते आपल्या पूर्वसूरींच्या पुढे गेले आहेत. चार्ली पापाझियन यांचा 'द कम्प्लीट जॉय ऑफ होमब्रूइंग' हा ग्रंथ १९८४ चा. कायदा होण्यापूर्वीपासून हा गृहस्थ कोलोरॅडोतील बोल्डर येथे लोकांस शिकवीत होता, आणि त्याच्या गद्यात शिक्षकाचा उबदार हात जाणवतो. भिऊ नका, बिघडत नाही, हा त्याचा स्थायी भाव. नवख्याची भीती त्याने घालविली, हे त्याचे ऋण मोठे आहे. पण हॉपचे माप देताना त्याने वजनाला आम्लाच्या टक्केवारीने गुणून एक एकक वापरले, आणि त्या एककात वेळ नाही. तासभर उकळलेले फूल व पाच मिनिटे उकळलेले फूल, दोहोंचा आकडा एकच. साक्षीदाराने प्रसंग सांगावा आणि वेळ सांगू नये, तसे हे झाले.

पामर धातुशास्त्राचा माणूस. तो कारण सांगतो. आमच्या व्यवसायात विधेयकासोबत उद्देश व कारणे यांचे निवेदन जोडण्याची पद्धत आहे. कलमे कितीही स्पष्ट असली तरी ते निवेदन वाचल्यावाचून त्यांचा जीव कळत नाही. पामर यांचा हॉपवरील विवेचनाचा पूर्वार्ध हे असे निवेदन आहे, आणि तो उत्तम आहे. शिवाय त्यांनी पहिल्याच प्रकरणात वाचकाकडून एक बिअर करवून घेतली आहे. शास्त्र मागाहून येते. ही योजना शहाणपणाची. फेस ऊतू जाण्याची सूचनाही वेळीच दिलेली आहे, आणि ती क्षुल्लक नव्हे. उकळीला आलेल्या काढ्यात फुले पडली की तो दुधासारखा उसळतो.

आमचा आक्षेप पुढे सुरू होतो. पामर हॉपचे तीन मुख्य वर्ग करतात: कडवटपणासाठी पाऊण तास ते दीड तास, चवीसाठी शेवटची चाळीस ते वीस मिनिटे, सुगंधासाठी अखेरची पंधरा. नवखा वाचक ही सारणी कायद्याच्या अनुसूचीसारखी वाचणार. परंतु निसर्गात अशी कलमे नाहीत. एक सलग उतार आहे. पामर जे समीकरण देतात, टिन्सेथ यांचे, तेच याला साक्ष आहे. मध्यम गोडीच्या वीस लिटर काढ्यात पाच टक्के आम्लाची २८ ग्रॅम फुले घ्या; म्हणजे लिटरमागे ७० मिलिग्रॅम आम्ल. तासभर उकळल्यास त्यातले १६ मिलिग्रॅमच्या आसपास उतरते, पंधरा मिनिटांत ८, पाच मिनिटांत ३. पंधरा मिनिटांचे फूल 'सुगंधाचे' म्हणविते, पण तासाभराच्या फुलाच्या निम्मा कडवटपणा तेही देऊन जाते! आणि मधला 'चवीचा' वर्ग तर आमच्या मते मुळातच दुबळा आहे: कडवटपणा पुरता नाही आणि सुगंध बराचसा गेलेला. नवख्याने तो वगळावा. एकाच जातीची फुले घेऊन काही तासाच्या आरंभी व काही चूल विझविताना, एवढे दोनच वेळा टाकून त्याने पाहावे. त्यातून जे कळेल, ते तीन-चार जातींची फुले पाच वेळा टाकून कळणार नाही, कारण कोणत्या फुलाने काय केले हे सांगावयास कोणी साक्षीदार उरत नाही.

समीकरणाची कोष्टके तीन दशांश स्थळांपर्यंत जातात. काढ्याची घनता, उकळीचा जोर यांनी फरक पडतो हे पामर सांगतात. पण आकड्याचा रुबाब सूचनेपेक्षा मोठा असतो. घरच्या पातेल्याची उकळी कारखान्याची नव्हे, आणि उबेत राहिलेल्या जुन्या फुलांतील आम्ल पाकिटावरील आकड्याइतके राहत नाही. तेथे तिसरे दशांश स्थळ हा पुरावा नसून पुराव्याचा भास आहे.

थंड टाकावयाच्या फुलांविषयी आम्हांस आणखी एक म्हणावयाचे आहे. हॉपमध्ये साखर मोकळी करणारी पाचकद्रव्ये असतात, आणि आंबून संपलेली वाटणारी बिअर त्यांच्यामुळे पुन्हा आंबू लागते, हे ब्राउन व मॉरिस या इंग्रज रसायनज्ञांनी १८९३ सालीच दाखविले होते. मग हे ज्ञान जवळजवळ विस्मरणात गेले आणि गेल्या काही वर्षांत पुन्हा वर आले. बूच लावलेल्या बाटलीत ही क्रिया झाली तर काच फुटते. नवख्यांसाठीच्या कोणत्याही ग्रंथात ही गोष्ट ठळक अक्षरांत, समीकरणाच्या कितीतरी आधी, छापलेली असावी.

शेवटी मापांचा घोळ. पामर यांचे गॅलन अमेरिकन, म्हणजे ३.७८५ लिटरचे. डेव्ह लाइन यांच्या १९७४ च्या 'द बिग बुक ऑफ ब्रूइंग' या इंग्रजी ग्रंथातले गॅलन ४.५४६ लिटरचे, आणि आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेले गॅलनही तेच. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून शिकणाऱ्याने पाच गॅलनांस तीच २८ ग्रॅम फुले टाकली, तर एका भांड्यात लिटरमागे सतरा मिलिग्रॅम कडवटपणा येईल, दुसऱ्यात चौदा. आणि बिचारा दोष फुलांना देईल. तीन दशांश स्थळांचा आग्रह धरणाऱ्या लेखकाने हॉपच्या प्रकरणाआधी अर्ध्या पानाचे व्याख्याकलम घालावयास काही हरकत नव्हती.