‘टिंग्या’ : दोन मुलांची मैत्री आणि एक अनुत्तरित प्रश्न

मंगेश हाडवळे दिग्दर्शित ‘टिंग्या’ (२००८) हा मराठी चित्रपट वर्गात ‘हिंदू-मुस्लिम ऐक्याचे उदाहरण’ म्हणून दाखवणे सोपे आहे. टिंग्या शेतकऱ्याचा मुलगा, रशिदा शेजारच्या मुस्लिम घरातली. परंतु एवढ्यावर थांबल्यास चित्रपटातील खरा प्रश्न निसटतो.

जुन्नर परिसरातील टिंग्याचे मन शाळेत रमत नाही; त्याचा सारा जीव चितंग्या या बैलात. चितंग्या जायबंदी होतो. बटाट्याची लागवड तोंडावर आलेली, हातात पैसा नाही. वडील कारभारी त्याला खाटकाला विकायचे ठरवतात. त्याच सुमारास रशिदाची आजी अंथरुणाला खिळलेली असते. आजी आजारी पडली तर तिच्यावर उपचार होतात, मग चितंग्यालाच का विकायचे, हा टिंग्याचा प्रश्न. मोठ्यांच्या लेखी तो पोरकटपणा ठरतो. रशिदाला तो कळतो, कारण तिच्याही घरात कोणीतरी जाण्याच्या वाटेवर आहे. ही मैत्री ऐक्याच्या घोषणेतून आलेली नाही. ती सारख्या भीतीतून आली आहे.

चलथाणच्या सहकारी साखर कारखान्याच्या पट्ट्यात ऊसतोडीसाठी डांग व खानदेशातून मजूर येत आले आहेत, काही बैलगाड्यांसह. अशा घरातील विद्यार्थ्याला बैल ही माया आणि भांडवल दोन्ही असते, हे समजावून सांगावे लागणार नाही. शिक्षकाला कदाचित लागेल.

कारभारीला खलनायक न करणे हे दिग्दर्शकाचे मोठे यश होय. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवर कायद्याने बंदी आहे. गुजरातमधील तशाच बंदीला सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरविले होते. म्हणजे कारभारीने निवडलेला मार्ग आता बंद आहे. परंतु लंगडा बैल कोणी पोसायचा आणि दुसरा कशाने आणायचा, ही त्याची अडचण कायद्याने सुटलेली नाही. त्यामुळे चित्रपट जुना झालेला नाही.

उणीव रशिदाच्या बाबतीत जाणवते. शरद गोयेकर याला टिंग्याच्या भूमिकेसाठी उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो रास्तच. तरन्नुम पठाण हिने रशिदाही तितक्याच सहजतेने उभी केली आहे. पटकथेने मात्र तिला बहुतांशी सोबतीण म्हणूनच ठेवले. आजी रशिदाची आहे, पण आजीवरून प्रश्न विचारतो तो टिंग्या.