गिरणी, कंपनी आणि ‘संपाचे साहित्य’

मुंबईतील गिरणगावाच्या ऱ्हासाविषयीचे मराठी लेखन ‘संपाचे साहित्य’ म्हणून वाचण्याची सवय आपल्या समीक्षेला जडली आहे. 18 जानेवारी 1982 पासून दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, ही घटना मोठी होतीच. तथापि संप हे त्या ऱ्हासाचे एक प्रकरण होय. समग्र कथानक शोधायचे, तर कंपनी या संस्थेच्या रूपांतराकडे पाहावे लागते.

फिनिक्स मिल्स हे त्याचे बोलके उदाहरण. 1905 मध्ये स्थापन झालेली ही कापड गिरणी आज मॉल चालवते. बेंगळुरूच्या व्हाइटफील्ड परिसरातील मॉलही तिचाच. कंपनीचे नाव आणि तिचे कायदेशीर सातत्य टिकले. तुटले ते कामगारांशी असलेले नाते. अशा रूपांतराला नियमांचे पाठबळ मिळाले. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 नुसार गिरण्यांच्या जमिनीची महापालिका, म्हाडा आणि मालक यांत साधारणपणे समान वाटणी होणार होती. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली.

या पार्श्वभूमीवर जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (1997) पुन्हा वाचले पाहिजे. नाटक कामगाराच्या घरात घडते. गिरणी रंगमंचावर येत नाही. भावंडांची फरफट दिसते, तिला कारण ठरलेले निर्णय दिसत नाहीत. ही नाटकाची उणीव मानता येणार नाही. निर्णय घेणारे आणि त्याचे परिणाम भोगणारे यांच्यातील जे अंतर नव्या व्यवस्थेत वाढले, तेच येथे रचनेत उतरले आहे. 2012 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या त्यांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाच्या शीर्षकात तर पुराणपक्ष्याबरोबर गिरणीचे नावही ऐकू येते. पक्षी उठला; राख कोणाची, हा प्रश्न वाचकापाशी उरतो.

केवळ संपाच्या चौकटीत वाचल्यास हा प्रश्न हरवतो. दोष एका नेत्यावर वा कामगारांच्या हट्टावर जातो. मालकी, जमीन आणि नियम नजरेआड होतात. बेंगळुरूच्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत प्रकल्प संपला की कर्मचारी ‘बेंच’वर बसतो; त्याच्यामागे ना चाळ असते, ना गिरणगावासारखी संघटना. या जगातून येणाऱ्या मराठी लेखनात समीक्षेने संप शोधू नये. कंपनीची रचना माणसांची नाती कशी घडवते आणि मोडते, हे तपासावे.