दंगल झाली नाही, तेव्हा काय झालं?

शांततेचा अभ्यास करायचा म्हटलं की पहिल्याच पायरीवर एक अडचण येते. दंगल झाली तर तारीख असते, मृतांचा आकडा असतो, चौकशी आयोग असतो. दंगल झाली नाही तर काय असतं? काहीच नसतं. साधी बातमीही येत नाही. मग जे घडलंच नाही, त्याचा अभ्यास करायचा कसा?

आशुतोष वार्ष्णेय यांच्या ‘एथ्निक कॉन्फ्लिक्ट अँड सिव्हिक लाइफ’ या २००२ सालच्या पुस्तकाने हा प्रश्न सरळ अंगावर घेतला, म्हणून आज त्याच्याविषयी बोलायचं. स्टीव्हन विल्किन्सन यांच्यासोबत त्यांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींच्या बातम्या वर्तमानपत्रातून काढून मोजल्या. काय दिसलं? दंगलींतल्या बळींपैकी खेड्यांतले चार टक्क्यांहूनही कमी. आणि मुंबई, अहमदाबाद यांच्यासह अवघ्या आठ शहरांत मिळून जवळजवळ निम्मे. म्हणजे ‘देश पेटला’ असं आपण म्हणतो, तेव्हा पेटलेली असतात ती काही ठरावीक शहरं.

मग त्यांनी जोड्या लावल्या. अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. मुसलमानांचं लोकसंख्येतलं प्रमाण साधारण सारखं, पण एक शहर वारंवार पेटणारं आणि दुसरं बऱ्यापैकी शांत. फरक कशात? त्यांचं उत्तर असं: शेजाऱ्यानं ईदला शीरखुर्मा द्यावा, दिवाळीला फराळ घ्यावा, हे चांगलंच, पण अफवा पसरली की एवढ्यानं भागत नाही. व्यापारी संघ, कामगार संघटना, पक्ष, वाचनमंडळं यांत दोन्ही समाजांची माणसं एकत्र असतील तर शहर टिकतं.

खरं सांगायचं तर हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्हाला हायसं वाटलं होतं. द्वेष हा काही आपल्या रक्तात नाही, संस्था उभ्या करता येतात, हा केवढा दिलासा! पण पुस्तक शिकवताना हाच दिलासा आम्हाला खुपायला लागला.

का, ते सांगतो. आपली भिवंडी घ्या. १९७० आणि १९८४ या दोन्ही साली तिथे भीषण दंगली झाल्या. १९९२-९३ मध्ये शेजारच्या मुंबईत नऊशे माणसं मेली, भिवंडी शांत राहिली. १९८८पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बांधल्या होत्या. वार्ष्णेय हे उदाहरण आपल्या बाजूने देतात. आमचा आक्षेप इथेच आहे. ही समाजाची संघटना खरी, पण ती बांधली कोणी? खाकी वर्दीने. म्हणजे एकीकडे शासन आणि दुसरीकडे समाज, अशी जी वाटणी पुस्तक करतं ती भिवंडीत टिकत नाही. पुढे २००६ साली त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसा झाली. ती हिंदू आणि मुसलमान यांच्यात नव्हती, जमाव आणि पोलीस यांच्यात होती. ज्या हाताने समित्या बांधल्या, त्याच हाताशी भांडण आलं की समितीने कुणाकडे जायचं?

आता दुसऱ्या अभ्यासकांकडे बघा. पॉल ब्रास यांनी अलीगढचाच अभ्यास केला आणि २००३ मध्ये म्हटलं की दंगल भडकत नाही, घडवली जाते. ती घडवणारी माणसं आणि यंत्रणा तिथे कायम तयार असते. आणि ज्यांनी वार्ष्णेयांबरोबर बातम्या मोजल्या त्या विल्किन्सन यांनी २००४ मध्ये वेगळंच उत्तर दिलं: राज्य सरकारला अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असेल तर पोलीस दंगल थांबवतात. आकडे तेच, पण जबाबदारी नागरिकांवरून सरली आणि थेट मंत्रालयात गेली!

हे तिघेही राज्यशास्त्राचे. कुंपण ओलांडलं की चित्र आणखी बदलतं. अनिर्बन मित्रा आणि देबराज रे हे अर्थतज्ज्ञ २०१४ मध्ये दाखवतात की मुसलमानांची आर्थिक स्थिती सुधारली की पुढे हिंसा वाढते. म्हणजे ‘विकास करा, शांतता आपोआप येईल’ हे सूत्र लंगडं पडतं. इतिहासकार ज्ञानेंद्र पांडे भागलपूरच्या १९८९च्या दंगलीबद्दल लिहिताना विचारतात की हिंसेचं दुःख आकड्यांत आणि सरकारी अहवालात मावतं का?

आंतरविद्याशाखीय अभ्यास म्हणजे चार विभागांचे चार प्राध्यापक एका व्यासपीठावर बसवणं, असा आपल्याकडे समज आहे. तसं नाही. प्रत्येक शास्त्राचं उत्तर कुणावर तरी बोट ठेवतं आणि कुणाला तरी मोकळं सोडतं. एकाच शास्त्रावर विसंबलो तर सुटणारा कायमचा सुटतो. या पुस्तकात सुटतं ते शासन. ब्रास वाचले तर सामान्य नागरिक सुटतो. तो नुसता प्यादं ठरतो. म्हणून ही पुस्तकं एकमेकांसमोर ठेवून वाचायची, तडजोडीसाठी नव्हे, उलटतपासणीसाठी.

आणि शेवटचं. योहान गाल्टुंग यांनी सांगितलेला फरक या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो: हिंसा थांबणं ही नकारात्मक शांतता, अन्याय संपणं ही सकारात्मक शांतता. वार्ष्णेय मोजतात ती पहिली. त्यात कमीपणा काही नाही. जीव वाचणं ही छोटी गोष्ट नव्हे. पण ज्या शहरात दंगल होत नाही कारण दोन्ही समाज आता वेगवेगळ्या वस्त्यांत राहतात आणि एकमेकांच्या वाटेलाच जात नाहीत, तेही शहर या मोजणीत शांतच धरलं जातं.

तेव्हा हे पुस्तक जरूर वाचा. फक्त वाचताना स्वतःच्या गावाचं नाव मनात धरा आणि विचारा: आपल्याकडे दंगल झाली नाही, ती कुणामुळे? आणि तो माणूस बदलून गेला, तर उद्या काय?

प्रश्न असतील तर आता घेऊ या.