दोन अंकांमधली जागा : कॅथलिक शाळांतील संगीत-नाट्यशिक्षणाचा पुनर्विचार

१३ मे १७६७ रोजी साल्झबुर्गच्या बेनेडिक्टाइन विद्यापीठाशी जोडलेल्या शाळेत विद्यार्थ्यांनी एक लॅटिन नाटक केले. नाटक लिहिले होते त्यांच्याच शिक्षकाने, रुफिनुस विडल या धर्मगुरूने, आणि त्याचा विषय होता राजा क्रोएससची क्षमाशीलता. नाटकाच्या आरंभी आणि अंकांच्या मधे गाण्यासाठी विडल यांनी एक छोटी संगीतिकाही लिहिली होती. तिला संगीत दिले गावातल्याच एका अकरा वर्षांच्या मुलाने. त्याचे नाव वोल्फगांग मोत्सार्ट. आज ते मूळ नाटक अभ्यासकांखेरीज कोणाच्या खिजगणतीत नाही. मधल्या वेळेत गायलेली ‘अपोलो आणि हायसिंथस’ मात्र अजून जगभर होते.

शाळेने मुख्य मानलेली वस्तू विसरली गेली आणि पूरक मानलेली टिकली. कॅथलिक शाळांतील संगीत आणि नाट्य यांच्या शिक्षणाचा इतिहास वाचताना हा उलटफेर मला वारंवार भेटतो. या इतिहासावरचे बरेचसे लेखन गौरवपर असते. कॉर्नेय रुआँच्या जेझुइट शाळेत शिकला, व्होल्तेअर पॅरिसच्या लुई-ल-ग्राँमध्ये शिकला, म्हणजे शाळा थोर, असा त्याचा हिशेब. मला हा हिशेब मान्य नाही. मोत्सार्टला त्या शाळेने संगीत शिकवलेले नव्हते. ते त्याला वडिलांकडून मिळाले होते. शाळेची परीक्षा करायची तर त्या दिवशी गाणाऱ्या, पुढे नाव न झालेल्या मुलांवरून करावी. त्यांच्यातला एक तर जेमतेम बारा वर्षांचा होता.

मुळात शाळेत नाटक का आले? जेझुइटांनी १५९९ मध्ये आपल्या सर्व शाळांसाठी ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ ही अभ्यासपद्धती निश्चित केली. तिच्यातला रेक्टरसाठीचा तेरावा नियम नाटकाविषयी आहे. त्याचा आशय असा : नाटके लॅटिनमध्येच असावीत आणि अगदी क्वचित व्हावीत, विषय धार्मिक व सात्त्विक असावा, दोन अंकांच्या मधे लॅटिनखेरीज आणि शिष्टसंमत नसलेले काहीही घालू नये, स्त्रीपात्र किंवा स्त्रीवेष रंगमंचावर आणू नये. नियम करणाऱ्यांची नजर नेमकी ‘दोन अंकांच्या मधे’ गेली आहे, हे मला लक्षणीय वाटते. गडबड कुठून होणार, हे त्यांना ठाऊक होते.

नाटकाला परवानगी मिळाली ती वक्तृत्वाच्या वर्गामुळे. लॅटिन नुसते वाचता येऊन भागत नसे. ते बोलता यायला हवे होते. पाठांतर, शब्दोच्चार, आवाजाची फेक, हातवारे, सभेपुढे न डगमगता उभे राहणे या सगळ्यांचा सराव रंगमंचावर होई. म्हणजे नाटक हा त्या वर्गाच्या अभ्यासाचाच शेवटचा धडा होता. आज आपण ज्याला अभ्यासेतर उपक्रम म्हणतो, त्या खात्यात ते मुळीच बसत नव्हते.

पण नियम आणि प्रयोग यांच्यात लवकरच अंतर पडले. २८ फेब्रुवारी १६८८ रोजी लुई-ल-ग्राँमध्ये ‘सॉल’ ही लॅटिन शोकांतिका झाली. तिच्या अंकांच्या मधे मार्क-अँत्वान शार्पांतिए याची ‘दाविद आणि जोनाथास’ ही संगीतिका गायली गेली. तीही फ्रेंचमध्ये, आणि चांगली पाच अंकांची. तिच्यात भूतविद्या जाणणारी बाई आहे. ती पुरुषाच्या आवाजासाठी लिहिली गेली. भाषेचा नियम मोडला, स्त्रीपात्राचा वाकवला, आणि मधल्या जागेत दुसरे आख्खे नाटक उभे राहिले. साल्झबुर्गची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. मूळ ग्रीक कथा अपोलो या देवाच्या एका तरुणावरील प्रेमाची. शाळेला ती परवडणारी नव्हती, म्हणून विडल यांनी त्या तरुणाला मेलिया नावाची बहीण दिली आणि अपोलोचे मन तिच्यावर बसवले. कथा शिष्टसंमत करण्यासाठी स्त्रीपात्र आणावे लागले, आणि ते गायले एका मुलाने! बालगंधर्वांच्या रंगभूमीवर वाढलेल्या मराठी वाचकाला यातली गंमत वेगळी समजावून सांगायला नको.

या भरभराटीची दुसरी बाजू गौरवकार सांगत नाहीत. पॅरिसच्या शाळेतील मोठ्या प्रयोगांसाठी बाहेरून व्यावसायिक मंडळी येऊ लागली. राजदरबारचा नृत्यगुरू पिएर बोशां याने जेझुइट शाळांसाठी नृत्ये बसवली. ऑपेराचे नर्तक विद्यार्थ्यांबरोबर नाचले. प्रयोग देखणे झाले, पाहायला सरदार-दरकदार जमू लागले, पण वक्तृत्वाचा धडा मागे पडत गेला. आपल्याकडच्या स्नेहसंमेलनासाठी महिनाभर आधी कोरिओग्राफर बोलावतात आणि रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर मुलांना रांगेत हलवतात, तेव्हा मला ते पॅरिस आठवते. रोग जुनाच आहे.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. गोव्यातल्या चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळा या माध्यमिक शाळा नव्हेत. तिथे लहान मुले अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी शिकत. चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख, म्हणजे मेस्त्रे, हाच शिक्षक. आधी सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर पाहून नावांनिशी गाणे, आणि मग हाती व्हायोलिन. देखावा काही नाही. रोजची तालीम आणि रविवारची प्रार्थना. उद्देश चर्चपुरता मर्यादित होता. परिणाम मात्र चर्चच्या भिंतीत मावला नाही.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील असेच चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. अँथनी मुंबईला आले, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवू लागले, वाद्यमेळ बांधू लागले. संगीतकाराने हार्मोनियमवर गुणगुणलेली चाल पन्नास वादकांनी एका दिवसात वाजवायची तर ती कागदावर उतरवणारा आणि पाहताक्षणी वाचणारा माणूस लागतो. ही गरज मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या वादकांनी भागवली. गोन्साल्विस यांनी पुढे रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिल्या आणि १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यांत गायले. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेले प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यातून गुरूचे नाव घरोघर पोचवले. लोकांना ते नाव काल्पनिक वाटले, हा भाग वेगळा.

तरीही या शाळांचा गौरव करताना मी अडखळतो. ज्या सत्तेने गोव्यात स्वरलिपी आणली, तिच्याच इन्क्विझिशनने १७३६ च्या फर्मानाने धर्मांतरितांच्या लग्नघरांतली देशी वाद्ये आणि ओव्या यांवर बंदी घातली. शाळेत मुलगा लॅटिन स्तोत्र शिकत होता आणि घरी त्याच्या आजीच्या ओठांवरची ओवी गुन्हा ठरत होती. ही गोष्ट अधिक बोचते ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्यामुळे. हेही जेझुइटच. त्यांनी मराठीत, ओवीछंदातच, सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले आणि चर्चमध्ये मोठ्याने म्हटले जाई. म्हणजे देशी छंद आणि ख्रिस्ती शिक्षण एकत्र नांदू शकतात, हे शंभरहून अधिक वर्षे आधी सिद्ध झालेले होते. १७३६ ची बंदी अपरिहार्य नव्हती. ती निवड होती.

आणि मधली जागा? तीही गोव्याच्या माणसांनी शोधलीच. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत लुकासिन रिबेरो यांच्या पुढाकाराने ‘इटालियन भुरगो’ हा पहिला तियात्र झाला. प्रेरणा होती मुंबईत आलेल्या इटालियन संगीतिकेची. तियात्रात प्रवेशांच्या मधे पडद्यापुढे येऊन कांतारे गातात. कथानकाशी त्यांचा संबंध असेलच असे नाही. सरकार, भाटकार, महागाई यांवरचे बोलणे त्या गाण्यांत होते आणि प्रेक्षक त्यांचीच वाट पाहतात. पॅरिसच्या शाळेतल्या मध्यंतरातून कांतार जन्मले, असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्यापाशी नाही आणि साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. पण वाद्यवृंद वाचून वाजवणारे होते, सुरांची तालीम चर्चमधली होती, आणि बोलायचे ते मात्र स्वतःचे होते. स्त्रियांना मज्जाव करणारा शालेय नियमही इथे टिकला नाही. रेजिना फर्नांडिस विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच तियात्रात उभ्या राहिल्या.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर यांच्यातली भिंत पाडायचे ठरवले आहे. विचार चांगला आहे, पण नवा नाही. भिंत नसलेल्या शाळा होऊन गेल्या. त्यांचे यश कशात होते आणि अपयश कशात, हे तपासल्याशिवाय धोरण कागदावरच राहील. मला दिसते ते एवढेच : कौशल्य रोज, सर्वांना आणि मूलभूत पातळीवर शिकवले, की त्याचा उपयोग कशासाठी होईल हे शाळेच्या हाती राहत नाही. आणि प्रयोग देखणा करण्यासाठी कौशल्य बाहेरून भाड्याने आणले, की मुलांच्या हाती छायाचित्रे उरतात.

म्हणून शाळेची कला पाहायला संमेलनाच्या संध्याकाळी जाऊ नये. एखाद्या साध्या मंगळवारी जावे, संगीताचा तास आहे का ते विचारावे, आणि असेल तर मागच्या बाकावरच्या मुलाला त्याच्याच भाषेतले एक गाणे म्हणायला सांगावे.