'गूगल फ्लू ट्रेंड्स' : बिग डेटाच्या मर्यादा

साथनियंत्रणासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता व बिग डेटा यांचा पुरस्कार करताना 'गूगल फ्लू ट्रेंड्स'ची चिकित्सा अपरिहार्य ठरते. २००८ मध्ये सुरू झालेला हा उपक्रम इंटरनेटवरील शोधशब्दांवरून अमेरिकेतील फ्लूचा अंदाज वर्तवीत असे. तथापि २००९ मधील स्वाइन फ्लूची पहिली लाट त्यास हेरता आली नाही. २०१२-१३ च्या हंगामात तर त्याचा अंदाज सीडीसी या शासकीय संस्थेच्या नोंदींच्या दुपटीहून अधिक निघाला. २०१५ मध्ये तो थांबला. धास्तीने घेतलेला शोध म्हणजे आजार नव्हे. मात्र ही चूक उघड झाली ती दवाखान्यांतील पारंपरिक नोंदींमुळेच. जेथे अशा नोंदीच विरळ, तेथे चूक पकडणार कोण? सबब नोंदव्यवस्थेचे बळकटीकरण ही या तंत्राची पूर्वअट मानली पाहिजे.